माकडहाडाजवळची गाठ आणि इतर प्रश्न

पाठदुखीवरील मागच्या लेखानंतर आलेली बहुतेक पत्रे गादी कोणती वापरावी आणि कमरेचा पट्टा किती दिवस बांधावा याविषयीची होती. त्यांची उत्तरे पुढच्या अंकात देऊ. या वेळी सहा पत्रे वेगळी काढली आहेत, कारण ती ज्या घरांतून आली त्या घरांत कॅन्सर हा शब्द येऊन बसलेला आहे. पत्रलेखकांची नावे वगळली आहेत आणि प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : माझे वय ५२ आहे. दीड वर्षापासून खुर्चीवर बसले की माकडहाडाजवळ दुखते. आधी मूळव्याध समजून आणि नंतर सायटिका समजून औषधे झाली. आता एमआरआयमध्ये त्रिकास्थीत (माकडहाडाच्या लगेच वरच्या त्रिकोणी हाडात) ९ सेंटिमीटरची गाठ दिसली असून ‘कॉर्डोमा असण्याची शक्यता’ असे अहवालात लिहिले आहे. तालुक्याच्या गावातील सर्जन म्हणतात की उद्याच सुईने तुकडा काढून तपासायला पाठवू. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात की गाठीला सुई लागली की कॅन्सर पसरतो. कोणाचे ऐकावे? (सोलापूर जिल्हा)

उत्तर : तुकडा तपासल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, हे सर्जनचे म्हणणे बरोबर आहे. पण तो उद्याच आणि तिथेच काढू नये. घरच्यांच्या भीतीकडे मी नंतर येतो, कारण एरवी निराधार असलेली ही भीती नेमकी या एका गाठीच्या बाबतीत थोडी खरी आहे.

कॉर्डोमा हा प्रकार समजून घेण्यासाठी गर्भापर्यंत मागे जावे लागते. गर्भ काही आठवड्यांचा असताना त्याच्या पाठीत एक मऊ दांडा तयार होतो, त्याला पृष्ठरज्जू म्हणतात. शाळेत ‘समपृष्ठरज्जू प्राणी’ हा संघ पाठ करताना हा शब्द आपण सर्वांनी घोकलेला आहे. मणके आकार घेऊ लागले की या दांड्याचे काम संपते आणि दोन मणक्यांमधल्या चकतीतील मऊ गराच्या रूपाने त्याचा अंश तेवढा उरतो. परंतु काही माणसांत कण्याच्या दोन्ही टोकांना, म्हणजे खाली त्रिकास्थीत आणि वर कवटीच्या तळाशी, त्याच्या थोड्या पेशी हाडातच अडकून राहतात. त्या बहुधा जन्मभर निजलेल्या असतात. क्वचित कोणाच्या तरी पन्नाशी-साठीत त्या वाढू लागतात, आणि त्या वाढीला कॉर्डोमा म्हणतात. जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिरखो यांनी १८५७ साली या गाठीतील बुडबुड्यांनी भरलेल्या पेशींचे वर्णन केले होते. आजही सूक्ष्मदर्शकाखाली पॅथॉलॉजिस्ट त्याच बुडबुड्यांच्या पेशी शोधतात आणि ब्रॅक्युरी नावाच्या प्रथिनाची रंगचाचणी करून निदान पक्के करतात. पृष्ठरज्जू घडवणारे हे प्रथिन गर्भावस्थेनंतर हाडात सहसा आढळत नाही.

वर्षाला दहा लाख लोकांमागे साधारण एक, असे या आजाराचे प्रमाण सांगितले जाते. त्या हिशेबाने साऱ्या महाराष्ट्रात वर्षाला शंभर-सव्वाशे रुग्ण होतात, म्हणजे तालुक्याच्या सर्जनला उभ्या कारकिर्दीत असा एखादाच रुग्ण भेटला तरी पुष्कळ. त्यामुळे दीड वर्ष निदान हुकले याचा राग धरू नये, असे मी म्हणेन; एका गोष्टीचा मात्र मला स्वतःला राग येतो. ही गाठ बाहेर न येता पोटाच्या बाजूला वाढते आणि आतड्याला पुढे ढकलते, म्हणून पाठीवर फुगवटा दिसत नाही. मात्र गुदद्वारातून बोट घालून तपासले तर त्रिकास्थीच्या पुढचा टणक फुगवटा अनेकदा हाताला लागतो. मूळव्याधीचे मलम लिहून देताना ही दोन मिनिटांची तपासणी संकोचापायी टाळली जाते. संकोच दोन्ही बाजूंना असतो, हेही खरे.

आता सुईविषयी. बहुतेक कॅन्सरमध्ये बायोप्सीमुळे रोग पसरतो ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यापायी अनेक रुग्ण मोलाचे महिने वाया घालवतात. कॉर्डोमा मात्र जेलीसारखा बुळबुळीत असतो आणि सुई ज्या वाटेने आत-बाहेर होते त्या वाटेत त्याच्या पेशी सांडून तिथे पुन्हा गाठ धरू शकते. म्हणून ही सुई पाठीमागून, पुढे जिथे शस्त्रक्रियेची चीर येणार आहे त्याच रेषेत घालायची असते, ती जागा खूण करून ठेवायची असते आणि मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी सुईची सगळी वाट त्वचेसकट गाठीबरोबर काढून टाकायची असते. गाठ हाताला लागते म्हणून गुदाशयातून सुई घालण्याचा मोह काही जणांना होतो. तसे केले तर जे आतडे सहज वाचले असते तेही काढावे लागू शकते. सुई कुठून घालायची हे ठरवण्याचा अधिकार शेवटची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनचाच आहे, आणि म्हणून हाडांच्या व मणक्यांच्या गाठींवर नियमित काम करणाऱ्या मोठ्या केंद्रात आधी जावे, बायोप्सी तिथेच करून घ्यावी. गाठ वर्षानुवर्षे वाढत आलेली आहे. दोन-तीन आठवडे त्यासाठी गेल्याने नुकसान होत नाही. लघवी अडली किंवा पायात बळ कमी वाटू लागले तर मात्र हा हिशेब लागू नाही, तेव्हा त्याच दिवशी निघावे.

शस्त्रक्रियेत ही गाठ फोडून तुकड्यातुकड्याने काढायची नसते, तिच्याभोवतीच्या निरोगी आवरणासह एकसंध काढायची असते. त्रिकास्थीतून निघणाऱ्या दुसऱ्या आणि तिसऱ्या नसांवर लघवी, शौच आणि लैंगिक क्रिया यांचे नियंत्रण अवलंबून असते. त्यांपैकी किती नसा वाचवता येतील हे गाठ किती वर चढली आहे त्यावर ठरते. हा प्रश्न सर्जनला शस्त्रक्रियेआधी स्पष्ट शब्दांत विचारावा आणि उत्तर ऐकताना जोडीदाराला शेजारी बसवावे. नेहमीच्या केमोथेरपीचा या गाठीवर फारसा उपयोग होत नाही. रेडिएशनचा होतो, पण मात्रा खूप मोठी लागते, आणि शेजारी आतडे व नसा असतात. इथे प्रोटॉन किरणांचा फायदा असा की ते आपली बहुतेक ऊर्जा ठरलेल्या खोलीवर ओततात आणि पलीकडे जवळजवळ काही पोहोचू देत नाहीत. भारतात ही सोय चेन्नईत २०१९ पासून आणि टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील अॅक्ट्रेक संस्थेत २०२३ पासून आहे. प्रत्येकाला प्रोटॉनच लागतात असे नाही. फोटॉनच्या, म्हणजे नेहमीच्या क्ष-किरणांच्या, आधुनिक यंत्रांवरही काही रुग्णांना पुरेशी मात्रा देता येते, आणि ते किरणोपचार तज्ज्ञाने आराखडा करून पाहिल्यावरच कळते. जाताना एमआरआयच्या फिल्मबरोबर सीडीही न्यावी, कारण नुसत्या फिल्मवरून शस्त्रक्रियेची आखणी होत नाही.

प्रश्न : कंबर दुखली म्हणून एमआरआय काढला. ‘दुसऱ्या कमरेच्या मणक्यात हिमॅन्जिओमा’ असे आले. इंटरनेटवर ट्यूमर हा शब्द वाचल्यापासून झोप नाही. वय ३४. (नाशिक)

उत्तर : हिमॅन्जिओमा म्हणजे हाडात जमलेला रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी पुंजका. साधारण दहा माणसांत एकाच्या कण्यात तो सापडतो आणि त्यांतल्या बहुतेकांना तो आयुष्यभर कळतही नाही. सीटी स्कॅनमध्ये मणक्याचा आडवा छेद पाहिला तर उरलेल्या जाड हाडाच्या काड्या टोकाकडून दिसतात आणि चित्र हुबेहूब ठिपक्यांच्या रांगोळीसारखे असते. ते एकदा पाहिलेला डॉक्टर सहसा चुकत नाही. फार थोड्या जणांत तो वाढून मज्जारज्जूवर दाब आणतो, क्वचित गरोदरपणात तसे होते. आपल्या अहवालात दाबाचा उल्लेख नाही. कंबर दुसऱ्या कारणाने दुखते आहे, त्याचा उपचार करावा. याच्यासाठी दर सहा महिन्यांनी एमआरआय काढत बसू नये.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ६३. पाठीचा मणका दबला, एमआरआय पाहून मणक्याचा टीबी म्हणून एकेटी (टीबीची औषधे) सुरू झाली. पाच महिने झाले, वेदना वाढल्या आहेत, हिमोग्लोबिन ८ वर आले आहे आणि क्रिएटिनिनही (मूत्रपिंडांचे काम मंदावल्याचे दाखवणारा रक्तातील घटक) वाढले आहे. बायोप्सी झालेली नाही. औषध बदलावे का? (बीड)

उत्तर : औषध बदलण्याआधी आजाराचे नाव बदलते का ते पाहावे लागेल. आपल्याकडे मणका झिजलेला दिसला की डॉक्टरांच्या मनात आधी टीबी येतो, आणि त्यात गैर काही नाही, कारण तो खरोखरच पुष्कळ आढळतो. चित्रावरून काही अंदाजही बांधता येतो. टीबी बहुधा दोन शेजारचे मणके आणि त्यांच्यामधली चकती असा एकत्र खातो आणि बाजूला पू साठवतो. कॅन्सर हाड खातो पण चकती सहसा सोडून देतो. दुसऱ्या अवयवातून आलेला कॅन्सर मणक्याच्या मागच्या खांबांकडे लवकर वळतो. समोरून काढलेल्या एक्स-रेमध्ये प्रत्येक मणका घुबडाच्या तोंडासारखा दिसतो, त्यातले दोन गोल डोळे म्हणजे हे खांब. एखाद्या मणक्याचा एक डोळा नाहीसा झालेला दिसला की एक्स-रे पाहणारा सावध होतो. पण एक्स-रेत हे दिसायला हाडाचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग आधीच गेलेला असावा लागतो, आणि या सगळ्या खुणांना अपवाद आहेत. म्हणून निव्वळ चित्रावर पाच महिने विसंबून राहणे मला पटत नाही.

आपण लिहिलेले तीन धागे, म्हणजे दबलेला मणका, खालावलेले हिमोग्लोबिन आणि वाढलेले क्रिएटिनिन, या वयात एकत्र आले की मल्टिपल मायलोमा या आजाराचा विचार झालाच पाहिजे. हा रक्ताच्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर आहे. त्या पेशी हाडाच्या मगजात वाढतात, हाड पोखरतात आणि एकाच साच्यातले प्रथिन इतके तयार करतात की मूत्रपिंडे त्याखाली गुदमरतात. कवटीच्या एक्स-रेमध्ये पंचने पाडल्यासारखी गोल, काठ नसलेली भोके दिसू शकतात. गंमत अशी की साध्या बोन स्कॅनमध्ये हा आजार अनेकदा दिसत नाही, कारण तो स्कॅन हाड नव्याने भरून येण्याची क्रिया टिपतो आणि मायलोमात तीच थंडावलेली असते. ‘बोन स्कॅन नॉर्मल’ या शब्दांवर निर्धास्त होऊ नये. रक्तातील प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस, फ्री लाइट चेन आणि कॅल्शियम या चाचण्या याच आठवड्यात करून घ्याव्यात. त्या निकालाआधी दुखण्याच्या गोळ्या मनाने देऊ नयेत, कारण त्यांतल्या अनेक गोळ्या याच मूत्रपिंडांना आणखी बाधतात.

मणक्यातून बायोप्सी घेण्याची वेळ आली तर एक बारीक गोष्ट आपण स्वतः लक्षात ठेवावी, कारण गडबडीत ती सर्रास निसटते. नमुन्याचे दोन भाग करावे लागतात. एक फॉर्मालिनच्या बाटलीत पॅथॉलॉजीकडे जातो आणि दुसरा साध्या निर्जंतुक सलाइनमध्ये टीबीच्या जीनएक्सपर्ट (जंतूच्या जनुकांचा शोध घेणारी चाचणी) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी) जातो. सगळा नमुना फॉर्मालिनमध्ये पडला तर जंतू मरतात आणि कल्चर करताच येत नाही. मग ‘टीबी आहे की नाही’ हा वाद पुन्हा तिथेच येऊन थांबतो. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी बाटल्या किती आहेत हे विचारायला लाजू नये. एकेटी मात्र स्वतःहून बंद करू नका. अहवाल आल्यावर डॉक्टर ठरवतील.

प्रश्न : सासऱ्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर असून हार्मोनचे इंजेक्शन चालू आहे. महिन्यापासून छातीभोवती पट्टा आवळल्यासारखे दुखते, रात्री आडवे झाल्यावर जास्त. चार दिवसांपासून चालताना पायातली चप्पल निसटते आणि त्यांना कळतही नाही. एमआरआयची तारीख पुढच्या आठवड्याची मिळाली आहे. प्रोस्टेटचा आजार पाठीत कसा गेला? (अमरावती)

उत्तर : हे पत्र मासिकात छापून येईपर्यंत थांबण्यासारखे नसल्याने आपल्याला त्याच दिवशी फोन केला होता, इतर वाचकांसाठी उत्तर येथे देत आहे. कॅन्सरच्या रुग्णाची चप्पल पायातून निसटणे ही पुढच्या आठवड्यात पाहण्याची गोष्ट नाही. त्याचा अर्थ बहुधा मज्जारज्जूवर दाब आला आहे असा असतो. त्यानंतरचा टप्पा म्हणजे लघवी तुंबणे, बसण्याची जागा बधिर होणे आणि शेवटी पाय पूर्ण लुळे पडणे. रुग्णाला जपून, आडवे झोपवूनच मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे आणि ‘पाठ दुखते’ असे न सांगता ‘कॅन्सर आहे आणि चार दिवसांपासून पायांतली ताकद जाते आहे’ असे सांगावे. या एका वाक्याने एमआरआयची तारीख बदलते. एमआरआय दुखऱ्या जागेपुरता न काढता सबंध कण्याचा काढावा, कारण दुसऱ्या ठिकाणीही दाब असू शकतो. बहुतेक वेळा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड लगेच सुरू करतात. मधुमेह असल्यास साखर वाढते, ते आधी सांगून ठेवावे.

उपचार सुरू होताना रुग्ण चालत असेल तर तो पुढेही चालत राहण्याची शक्यता चांगली असते. पाय पूर्ण गेल्यावर ते परत येणे अवघड. एकाच जागी दाब असलेल्या रुग्णांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, शस्त्रक्रियेने दाब काढून मग रेडिएशन दिलेल्यांपैकी ८४ टक्के रुग्ण उपचारानंतर चालू शकले, तर नुसते रेडिएशन दिलेल्यांपैकी ५७ टक्के. म्हणजे प्रत्येकावर शस्त्रक्रिया करावी असे नाही. प्रकृती, दाबाच्या जागा आणि मूळ कॅन्सर किती आटोक्यात आहे हे पाहावे लागते. पण मणक्याच्या सर्जनला त्याच दिवशी विचारलेच नाही, असे होऊ नये.

आता पाठीत तो कसा गेला याविषयी. फिलाडेल्फियातील शरीररचनातज्ज्ञ ऑस्कर बॅटसन यांनी १९४० मध्ये मृतदेहांच्या ओटीपोटाकडील शिरांत रंगद्रव्य सोडून पाहिले, तेव्हा ते नेहमीच्या मार्गाने हृदयाकडे न जाता कण्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्यातून वर चढलेले दिसले. या जाळ्याच्या शिरांना झडपा नाहीत. खोकताना किंवा कुंथताना पोटात दाब वाढला की त्यातले रक्त उलटेही वाहते, आणि प्रोस्टेटमधल्या पेशींना मणक्यापर्यंत व कधी थेट कवटीपर्यंत ही आडवाट मिळते. पुढे इतर मार्गही समजले, पण प्रोस्टेट आणि कणा यांच्या शेजाराचे हे स्पष्टीकरण अजून टिकून आहे.

प्रश्न : आईच्या डोक्यावर, केसांत, लिंबाएवढी मऊ गाठ आली आहे. चरबीची गाठ म्हणून दवाखान्यात भूल देऊन काढणार होते, पण हात ठेवला तर ती नाडीसारखी उडते असे परिचारिकेच्या लक्षात आले आणि थांबले. गळ्यात वीस वर्षांपासून गलगंड आहे. दोन्हींचा संबंध असेल का? (सिंधुदुर्ग)

उत्तर : असू शकतो, आणि त्या परिचारिकेचे आभार मानले पाहिजेत. थायरॉइडचा फॉलिक्युलर प्रकारचा कॅन्सर गळ्यातल्या लसिका ग्रंथींकडे फारसा न वळता रक्तातून थेट हाडांत जातो, आणि कवटी हे त्याच्या आवडीचे एक ठिकाण आहे. तिथे तो कवटीचे हाड खाऊन मऊ, रक्ताने भरलेली, ठोके देणारी गाठ तयार करतो. कधी कधी गळ्यातली मूळ गाठ इतकी शांत असते की रुग्ण पहिल्यांदा येतो तो डोक्यावरची गाठ घेऊन. अशी गाठ दवाखान्यात कापली तर रक्तस्राव आवरणे कठीण जाते.

पुढची तपासणी कवटीचा एमआरआय, गळ्याची सोनोग्राफी आणि बारीक सुईने नमुना अशी होईल. इथे एक इशारा देतो. रंगद्रव्य टोचून केलेल्या सीटी स्कॅनमध्ये आयोडीन असते, आणि ते शरीरातून जाईपर्यंत साधारण एक-दोन महिने किरणोत्सारी आयोडीनचा उपचार पुढे ढकलावा लागतो. गरज नसेल तर तो स्कॅन टाळता येतो का, हे विचारावे. निदान ठरल्यास आधी संपूर्ण थायरॉइड ग्रंथी काढतात, शक्य असेल तेव्हा कवटीतील गाठही काढतात, आणि मग किरणोत्सारी आयोडीन देतात. गळ्यातली ग्रंथी तशीच ठेवली तर बहुतेक आयोडीन तीच पिऊन टाकते आणि कवटीतल्या पेशी उपाशी राहतात. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर या कामासाठी १९६० च्या दशकापासून आहे. औषध दिल्यानंतर काही दिवस वेगळ्या खोलीत राहावे लागते आणि घरी लहान मूल किंवा गरोदर सून असेल तर तिथून पुढेही काही दिवस अंतर पाळावे लागते. आधीचे एक-दोन आठवडे आयोडीन कमी असलेला आहार असतो, म्हणजे आयोडीनयुक्त मीठ बंद आणि आपल्या भागात सर्वांत जड जाणारी गोष्ट म्हणजे मासे, सुकट आणि सोडे बंद. हाडात गेलेला हा आजार पूर्ण नाहीसा होतोच असे सांगता येणार नाही, पण गाठ आयोडीन शोषत असेल तर अनेक रुग्ण त्याच्यासह पुष्कळ वर्षे घरातली कामे करत जगतात.

प्रश्न : सहा वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचे उपचार पूर्ण झाले. महिन्यापासून हनुवटीचा आणि खालच्या ओठाचा उजवा भाग बधिर आहे. दंतवैद्य म्हणतात दात ठीक आहेत. वाट पाहू का? (ठाणे)

उत्तर : पाहू नका. हनुवटी बधिर होण्याचे कारण बहुतेक लोकांत दातांतच सापडते. ज्यांना पूर्वी स्तनाचा कॅन्सर किंवा लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) झाला आहे त्यांच्या बाबतीत मात्र दात निर्दोष निघाले की जबड्याचे हाड आणि कवटीचा तळ पाहावाच लागतो, कारण जबड्यातून हनुवटीकडे जाणारी बारीक नस तिथल्या लहानशा गाठीनेही दबते. दुखत नाही म्हणून ही तक्रार पुढे ढकलली जाते. आज रात्री आरशासमोर जीभ सरळ बाहेर काढून पाहा. ती एका बाजूला वळत असेल, किंवा मानेच्या वर कवटीच्या मागे एकाच बाजूला सतत दुखत असेल, तर तेही लिहून ठेवा, कारण जिभेची नस कवटीच्या तळाच्या अगदी मागच्या भागातून बाहेर पडते आणि गाठ कुठे शोधायची याची ती मोठी खूण असते. आपल्या जुन्या ऑन्कोलॉजिस्टना याच आठवड्यात भेटा आणि कवटीच्या तळाचा व जबड्याचा रंगद्रव्यासह एमआरआय करण्याविषयी विचारा. नुसता मेंदूचा एमआरआय असे लिहून घेऊ नका; त्यात जबडा येत नाही. सहा वर्षांपूर्वीच्या शस्त्रक्रियेचा पॅथॉलॉजी अहवाल आणि शक्य असल्यास त्या वेळचे पॅराफिन ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले गाठीचे तुकडे) रुग्णालयातून मागून सोबत न्या. नवीन गाठ सापडलीच, तर ती जुन्याच आजाराची आहे का हे ठरवताना ते उपयोगी पडतील.